करंजखेड्यावरचा उलटा गोल

आपल्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बेकायदा उभा आहे, हे चुडामण नानांना नोटीस वाचून कळलं. नोटीस हाती पडली तेव्हा ते गच्चीवरच होते आणि त्या टॉवरवर बायकोचा, म्हणजे कमलबाईंचा परकर वाळत होता.

टॉवर म्हणजे तांब्याच्या तारेची अडीच फुटांची काडी. ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर उभी केलेली आणि डबा कपडे वाळत घालायच्या मोडक्या स्टँडला सुतळीने बांधलेला. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा जोडल्यावर एक तार स्वतःच्या हौसेसाठी उभी केली तर सरकारला पोटशूळ उठावा, याचं त्यांना वाईट वाटलं. ते नोटीस घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने फॉर्म दिला. त्यात ‘टॉवरची उंची, मीटरमध्ये’ असा रकाना होता. नानांनी शून्य पूर्णांक शहात्तर लिहिलं.

“एक मीटरच्या आत टॉवर नसतो,” कारकून म्हणाला.

“तेच तर म्हणतोय मी. टॉवर नाहीच आहे.”

“मग टॉवर नाही असं लिहून द्या.”

“पण काडी आहे.”

“काडीला रकाना नाही,” कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ही काडी नेमकी काय करते, हे नानांनी जळगावात, पिंप्राळ्याच्या आपल्या कॉलनीत निदान चाळीस जणांना समजावून सांगितलं होतं. आकाशातलं प्रत्येक विमान आपलं नाव, उंची, वेग आणि दिशा सतत ओरडत जात असतं. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही, काडीला येतं. पुण्याहून मुलाने, चंदनने, अंगठ्याएवढं एक यंत्र पाठवलं होतं. ते काडीला जोडलं की लॅपटॉपवर खान्देशचा नकाशा उघडायचा आणि त्यावरून पिवळे ठिपके सरकायचे. फक्त एक गोम होती. विमान जमिनीजवळ आलं की मधल्या टेकड्या-इमारतींमुळे काडीला ते दिसेनासं व्हायचं. हीसुद्धा गोष्ट नाना सगळ्यांना आवर्जून सांगत. पुढे ऐन वेळी ज्याला तिची आठवण झाली नाही असा एकच माणूस निघाला, तो म्हणजे नाना.

नुसते ठिपके पाहून माणसाचं किती दिवस भागणार? नानांनी फेसबुकवर ‘आपल्या डोक्यावरून’ नावाचं पान काढलं. प्रवासी विमानांत कोणाला रस नव्हता, पण श्रीमंतांच्या खासगी विमानांचं नाव काढताच लोक माशांसारखे गोळा झाले. आज अमका कारखानदार दिल्लीला निघाला, तमक्याचं विमान अर्ध्या वाटेतून मागे फिरलं, असं नाना रोज लिहीत. वाचणारे अकरा हजार झाले. रावेरच्या एका केळीवाल्याने विचारलं की आखातात केळी पाठवणाऱ्याचं विमान कधी दिसतं का. वरणगावच्या एका निवृत्त गृहस्थांनी बजावलं की वाटेल ते टाका, पण हवाई दलाचं काही टाकू नका. नानांनी दोघांनाही सविस्तर उत्तरं दिली. निवृत्तीनंतर इतक्या आदराने त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

आणि मग योगराज शेठच्या विमानाने ते चाळे सुरू केले.

योगराज शेठ म्हणजे मुंबईतले रस्ते-हॉटेलवाले बडे गृहस्थ. मूळचे धुळ्यापुढच्या, पांझरेकाठच्या करंजखेड्याचे. तेच गाव कमलबाईंचं माहेर. शेठ तीस वर्षांत गावाला फिरकले नव्हते, पण त्यांचं लहानसं जेट महिन्यातून दोनदा मुंबईहून नागपूरला जाई. मार्गशीर्ष महिन्यात एकदा, दुपारी बाराला, नानांनी पाहिलं की ठिपका सरळ जाता जाता करंजखेड्यावर थबकल्यासारखा झाला, गावाभोवती एक गोल फिरला आणि पुन्हा आपल्या वाटेला लागला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. वेळ दर वेळी बारा ते सव्वाबारा. गोल दर वेळी एकच आणि दर वेळी त्याच जागेभोवती.

नानांनी हे पानावर टाकलं आणि खान्देशात धुरळा उडाला. शेठ तिथे विमानतळ बांधणार, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने गुप्तधनाचा शोध लावला. करंजखेड्याच्या पडीक जमिनीबद्दल चौकशा सुरू झाल्या. नाना खूश होते. पण एके दिवशी शेजारचे अमृतभाऊ, म्हणजे निवृत्त तलाठी आणि कॉलनीचे कायमचे सल्लागार, चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉपजवळ आले आणि वाकून पडद्यावरचा गोल न्याहाळू लागले.

“नाना, हा गोल उलटा आहे,” ते शेवटी म्हणाले.

“उलटा म्हणजे?”

“घड्याळाच्या उलट. मंदिरात प्रदक्षिणा घालतो ती अशी,” त्यांनी हवेत बोट फिरवलं, “आणि हा बघा कसा फिरतोय. असं आपण कुठे फिरतो, सांगा?”

कुठे ते नानांना माहीत होतं. खांद्यावर मडकं घेऊन, सरणाभोवती. वडिलांच्या वेळी ते स्वतःच तसे फिरले होते. त्यांनी जुने सगळे माग काढून पाहिले. नऊ गोल होते. नऊच्या नऊ उलटे. गच्चीवर रणरणतं ऊन होतं, तरी नानांच्या अंगावर काटा आला. हे त्यांनी पानावर टाकलं नाही. कमलबाईंनाही सांगितलं नाही. बाराच्या सुमाराला मात्र ते लॅपटॉपपुढे एकटे बसेनात. काही ना काही निमित्त काढून अमृतभाऊंना बोलवायचे.

आखाजीला तीन दिवस उरले होते. अक्षय तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात, आणि खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. भरदुपारी घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि रव्याची गोड सांजोरी ठेवतात आणि निखाऱ्यावर तुपाबरोबर घास टाकतात. पितर येऊन पाणी पितात. ज्याच्या नावाची घागर भरायची तो माणूस गेलेला असला पाहिजे, एवढी एकच अट.

त्या दुपारी शेठचा ठिपका नेहमीप्रमाणे आला. उलटा गोल फिरला. आणि पुढे न जाता पुन्हा फिरला. मग उंचीचा आकडा घसरायला लागला. वीस हजार फूट. अकरा. सहा. चार. आणि ठिपका नाहीसा झाला. नानांनी लॅपटॉप हलवला. गच्चीवर पळत जाऊन काडी हलवली. नकाशा रिकामाच होता.

“उतरलं असेल,” अमृतभाऊ म्हणाले.

“कुठे उतरणार? जळगावला यायचं तर तोंड इकडे हवं. ते तर तिकडे चाललं होतं.”

“मग धुळ्याला उतरलं असेल. तिथे आहे की छोटी धावपट्टी.”

नाना एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही हसले. “धुळ्याला? जळगावला एवढा विमानतळ असताना शेठ धुळ्याला कशाला उतरेल?”

पक्का जळगावकर संकटात देवाला विसरेल, पण धुळ्यापेक्षा आपण थोर हे विसरणार नाही. अमृतभाऊही जळगावचेच. त्यांना मुद्दा तात्काळ पटला. धुळ्यात कोणालाही एक फोन केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. नानांनी फोन केला नाही. त्यांनी पोस्ट टाकली: ‘आज दुपारी १२ वाजून १७ मिनिटांनी योगराज शेठ यांचं विमान करंजखेड्याजवळ चार हजार फुटांवर दिसेनासं झालं. पुढील माहिती नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा होता, असं नाना पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

चौथ्या मिनिटाला पहिली श्रद्धांजली आली. संध्याकाळपर्यंत चारशे जणांनी हात जोडले. नानांनी खाली लिहिलं, ‘कृपया कोणीही गैरसमज करून घेऊ नये.’ त्यावर लोकांनी लिहिलं, ‘कुटुंबीय अजून मान्य करत नाहीत, स्वाभाविक आहे.’ पोस्ट काढून टाकावी असं नानांच्या मनात आलं, तर अमृतभाऊ म्हणाले, “काढू नका. काढलीत तर लोक म्हणतील, खरंच काहीतरी घडलंय.” नानांनी शेठच्या मुंबईच्या कचेरीत फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, साहेब उपलब्ध नाहीत. उपलब्ध नाहीत हे जिवंत माणसाबद्दलही म्हणतात आणि मेलेल्याबद्दलही म्हणायला हरकत नसते, त्यामुळे त्यातून काही निष्पन्न झालं नाही. मग नाना स्वतः पोलिसांकडे गेले. तिथल्या जमादाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोणत्या हद्दीत दिसेनासं झालं?”

“साहेब, आकाशात.”

“हद्द जमिनीची असते. खाली सापडलं की जिथे सापडेल तिथे कळवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टखाली एक फोटो आला. करंजखेड्याहून कोणीतरी टाकलेला. कुंभाराच्या दारात एक म्हातारी बाई, हातात लालबुंद नवी घागर. खाली लिहिलं होतं: ‘बेबाबाईंनी भावाच्या नावाची घागर घेतली.’

कमलबाईंनी फोन हातात घेऊन तो फोटो पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला.

“ही तर आमची बेबाक्का. शेठची सख्खी बहीण.” मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. नवरा गेल्यावर बेबाबाई माहेरीच राहिल्या. आई वारली तेव्हा योगराज धंद्याच्या नादात कुठेतरी परदेशी होता. तो उगवला थेट तेराव्याला. बेबाबाई दारात उभ्या राहिल्या आणि साऱ्या भाऊबंदांसमोर म्हणाल्या, मना भाऊ मरी गया, म्हणजे माझा भाऊ मेला. दार लावून घेतलं. तोही मानी. उंबऱ्यावरूनच परत फिरला, तो कायमचा.

“आता तुम्ही चला माझ्याबरोबर आखाजीला,” कमलबाई म्हणाल्या. “जे लिहिलंय ते तिच्या तोंडावर सांगा. खरं की खोटं.”

खरं की खोटं हे नानांना तरी कुठे माहीत होतं? पण आखाजीच्या दिवशी सकाळी दोघं एसटीत बसली. बस पारोळ्यावरून धुळ्याला आली, स्टँडवर वीस मिनिटं थांबली. नाना खाली उतरून चहा प्याले. चहावाला कोणाला तरी विमानाबद्दल काही सांगत होता, पण धुळ्याचा चहावाला विमानाबद्दल काय सांगणार, म्हणून नानांनी लक्ष दिलं नाही.

जावई आखाजीला सासुरवाडीला गेला की त्याला पाय धुवायला पाणी, बसायला गादी आणि आमरसाची तिसरी वाटी मिळते. नानांना त्या दिवशी यातलं काही मिळालं नाही. गाव नुसतं बघत राहिलं. गावातले सर्वांत वडील झिपरूआबा काठी टेकत पुढे आले.

“जवाई, तुम्हीच सांगं ना, इमान गायब व्हयनं म्हनीसन?”

“दिसेनासं झालं, असं म्हणालो होतो मी,” नाना म्हणाले. ते ऐकायला एवढंसं वाटलं. त्यांचं त्यांनाच.

बेबाबाईंच्या घरात अंधार आणि गारवा होता. भिंतीशी गव्हाच्या राशीवर तीन घागरी मांडल्या होत्या. पहिली बापाची, दुसरी आईची. दोन्ही पाझरून काळ्याभोर झालेल्या, खालचे गहू भिजलेले. तिसरी नवी. ती सकाळपासून भरलेली होती, तोंडापर्यंत. आणि कोरडी ठणठणीत होती. बाहेर एक थेंब नाही. नव्या मातीला तर जास्त पाझर हवा. नानांनी हात लावून पाहिला. घागर कोमट लागली. त्यांनी हात पटकन मागे घेतला आणि धोतराला पुसला.

“घागरले पाझर नई,” झिपरूआबा हळूच म्हणाले. “पान्याले धनीच नई उना.” म्हणजे पाण्याचा धनी आलाच नाही.

बेबाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. बाई सत्तरीची, काटकुळी, डोळे कोरडे. त्यांनी नानांकडे पाहिलं.

“नाना, खरं सांगा. मना भाऊ जित्ता शे का?”

नानांनी खिशातून फोन काढला. घरचा नकाशा त्यांना फोनवरही दिसे. बाराला पाच कमी होते. आकाश रिकामं होतं. “अक्का, माझ्या यंत्राला आता काही दिसत नाही.”

“मी त्याले एकदाव बोलीसन मारा,” बेबाबाई म्हणाल्या. “तो जित्ता व्हई, तं आते घागर भरीसन मारा. माले कोठे जागा शे, नाना?”

 इतकी लाज नानांना जन्मात वाटली नव्हती. चार शब्द जपून लिहिले की आपली जबाबदारी संपली असं ते समजत होते. आणि इथे एक म्हातारी बाई त्या चार शब्दांवर स्वतःच्या भावाचं पाणी भरून बसली होती.

बारा वाजले. बेबाबाईंनी निखाऱ्यावर तूप सोडलं. बापाच्या नावाने घास टाकला, चर्र आवाज झाला. आईच्या नावाने टाकला. तिसरा घास हातात घेऊन त्यांचा हात तसाच थांबला. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कडुलिंबाला बांधलेले झोके रिकामे होते, पोरी उन्हाला भिऊन घरात गेलेल्या. त्यातला एक झोका आपला आपण, अगदी हळू, मागेपुढे होत होता. वारा असेल, असं नाना मनात म्हणाले. पण कडुलिंबाचं पान हलत नव्हतं.

आणि मग आवाज आला.

आधी दूर, पाट्यावरच्या वाटणासारखा. मग जवळ. मग छपरावरच आल्यासारखा. घागरींवरची डांगरं थरथरली. नाना धावत अंगणात आले आणि वर पाहिलं. पांढरं, लहानसं विमान, इतकं खाली की खिडक्या मोजता याव्या. ते गावाभोवती वळत होतं. घड्याळाच्या उलट.

झिपरूआबा दारातूनच ओरडले, “यंत्र दखा! यंत्र काय म्हनस?”

नानांनी फोन पाहिला. पुन्हा पाहिला. करंजखेड्याच्या वर, जिथे विमान कानठळ्या बसवत होतं, तिथे नकाशा स्वच्छ रिकामा होता. जमिनीजवळ आलेलं विमान काडीला दिसत नाही, हे त्यांना आठवायला हवं होतं. चाळीस जणांना सांगितलं होतं. त्या क्षणी त्यांना राम आठवेना, तर काडी कुठून आठवणार?

“यंत्र म्हणतं, वर काही नाही,” नाना म्हणाले.

सगळं गाव घरात गेलं. दारं धडाधड लागली. विमानाने एक गोल पुरा केला आणि ते मुंबईच्या दिशेला निघून गेलं. आवाज विरला. आधीपेक्षा जास्त शांत झालं. आणि त्या शांततेत फाट्याकडच्या वाटेने एक माणूस चालत येताना दिसला.

पांढरा सदरा, धुळीने माखलेला. वहाणा हातात. एवढ्या तापलेल्या मातीवर तो अनवाणी चालत होता आणि घाई करत नव्हता. सरळ बेबाबाईंच्या अंगणात आला. झिपरूआबांनी आधी त्याच्या टाचा कुठे आहेत ते पाहिलं. टाचा मागेच होत्या. मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि नानांचं मनगट धरलं.

“जवाई, याले सावली नई.”

खरंच नव्हती.  मग नानांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. तिथेही सावली नव्हती. झिपरूआबांचीही नव्हती. वैशाखातला बाराचा सूर्य डोक्यावर असला की ती पायाखालीच मावते. पण हे लक्षात येऊनही नानांच्या जिवाला फारसा धीर आला नाही. उलट आपण तिघंही नक्की कोणत्या बाजूचे, असा भलताच प्रश्न पडला.

तीस वर्षांपूर्वी तेराव्याला जिथे दार लागलं होतं, त्याच उंबऱ्यापाशी तो माणूस येऊन थांबला.

“बेबा, पानी दे.”

 आतून बेबाबाईंचा आवाज आला, “कोन शे?”

“मी शे. योग्या.”

बेबाबाई उठल्या नाहीत. हातातला घास तसाच होता. तो माणूस उंबरा ओलांडून आत गेला, घागरींपुढे उकिडवा बसला, तिसऱ्या घागरीवरचं डांगर उचलून बाजूला ठेवलं आणि तांब्या बुडवला.

“नको पिऊ!” बेबाबाई किंचाळल्या. “ती तुनीच शे!”

“माले माहीत शे. म्हनीसनच उनू.” तो तांब्याभर पाणी घटाघटा प्याला. दुसरा तांब्या भरला. “तीस वरीस झायात, या घरमा मना नावनं कोनी पानी भरं नई.”

मग मात्र बेबाबाईंनी हातातला घास भावाच्या तोंडात कोंबला, त्याच्या पाठीत चार धपाटे घातले आणि असा हंबरडा फोडला की लागलेली दारं एकेक करून उघडली. त्या गडबडीत नानांचं लक्ष तिसऱ्या घागरीकडे गेलं. तिच्या पोटावर बारीक घाम फुटला होता. नानांनी ते कोणाला दाखवलं नाही.

पुढे सगळा उलगडा झाला आणि नानांची उरलीसुरली अब्रू गेली. शेठ तीन दिवसांपूर्वी धुळ्याला उतरले होते. विमान तिथेच धावपट्टीवर उभं होतं आणि अर्धं धुळं ते बघून आलं होतं. बहिणीकडे जायचं म्हणून आले, पण पाय उचलेना. फोन बंद करून एका हॉटेलात बसून राहिले. आदल्या दिवशी फोन उघडला, तर स्वतःच्या चारशे श्रद्धांजल्या वाचायला मिळाल्या, आणि त्यांच्यात घागरीचा तो फोटो. मग आज विमान रिकामंच मुंबईला परत पाठवलं आणि स्वतः मोटारीने फाट्यापर्यंत आले. पुढे आईला पोचवायला चालायचं राहिलं होतं, तेवढं चालले.

आमरसाची वाटी अखेर नानांपुढे आली. शेठ शेजारीच बसले होते. नानांनी भीत भीत विचारलं, “पण शेठ, गोल उलटा का?”

शेठ हसले. “मी डाव्या खिडकीत बसतो, नाना. डावीकडे वळलं तरच मला खाली दिसतं. घर नाही दिसत एवढ्या वरून. नदी दिसते, नदीवरून अंदाज करतो. पायलटला सवय झालीय, आज मी नव्हतो तरी तसाच वळला.” त्यांनी बेबाबाई लांब आहेत असं पाहून आवाज उतरवला. “मी गेल्यावरसुद्धा आखाजीला एक गोल मारायचा, असं त्याला सांगून ठेवणार आहे. तेव्हा खिडकीत कोणी नसेल. मग सुलटा मार म्हणेन, देवाला मारतात तसा. तुम्हाला दिसेलच. फक्त ते फेसबुकवर टाकू नका.”

राहता राहिला घागरीचा प्रश्न. जिवंत माणसाची घागर भरली गेली होती, त्याचं आता काय करायचं? झिपरूआबांनी निकाल दिला, “एकदाव भरेल घागर बंद करता येत नई.” तेव्हा ठरलं की घागर दर आखाजीला भरायची आणि ज्याची त्याने येऊन प्यायची. गावाने हे मान्य केलं. पण आखाजीच्या दुपारी शेठ आले की म्हातारी माणसं त्यांच्याशी जरा अंतर राखून, हात जोडून बोलत. पितराला काय मागावं तसं एकाने तर पाऊस मागितला. शेठनी प्रयत्न करतो म्हणून सांगितलं.

नानांनी पान बंद केलं. अकरा हजार लोक चार दिवस हळहळले आणि पाचव्या दिवशी दुसरीकडे गेले. काडी मात्र तशीच राहिली, तिच्यावर आता नोटिसा दोन झाल्या होत्या. नानांचं काम वर्षातून एकच दिवस असे आणि ते एकाच बाईसाठी असे. आखाजीला कमलबाई माहेरी जात. नाना जळगावला लॅपटॉपपुढे बसत. घागरीत शिळं पाणी नको म्हणून बेबाबाई विमान दिसल्याशिवाय भावाची घागर भरत नसत. बाराच्या सुमाराला त्यांचा फोन येई. नाना, दिखनं का? दिसलं, अक्का. मंग भरू? भरा. एवढंच बोलणं. मग तास-दीड तासाने शेठ धुळ्याहून येऊन पोचत, तोवर पाणी गार झालेलं असे.

हे दोन वर्षं चाललं. तिसऱ्या आखाजीलाही अमृतभाऊ नेहमीप्रमाणे येऊन बसले होते. बारा वाजून अकरा मिनिटांनी ठिपका आला. करंजखेड्यापाशी वळला. नाना चष्मा पुसून पुढे वाकले.

“अरे वा,” अमृतभाऊ म्हणाले, “आज सुलटा फिरला बघा. प्रदक्षिणेसारखा. चांगलं लक्षण आहे.”

खिडकीत कोणी नसेल तेव्हा सुलटा, हे शेठचं बोलणं नानांना आठवलं. ठिपक्याने गोल पुरा केला आणि तो खाली उतरायला लागला. अकरा हजार. सहा. चार. मग नकाशा रिकामा झाला. नानांना ठाऊक होतं की आता ते धुळ्याला उतरेल, आणि फाट्यावर मोटार येईल, आणि तिच्यातून अनवाणी कोणी चालत येणार नाही. चार माणसं खांद्यावर घेऊन येतील, नाहीतर कोणीतरी हातात कलश घेऊन येईल. तेवढा तास-दीड तास बेबाबाईंचा भाऊ अजून वाटेत होता. तो तेवढा वेळ नानांच्या हातात होता, दुसऱ्या कोणाच्याच नाही. त्यांना रडू आलं.

फोन वाजला.

“नाना, दिखनं का?”

“दिसलं, अक्का.”

“मंग भरू घागर?”

नानांनी एकदा रिकाम्या नकाशाकडे पाहिलं.

“भरा,” ते म्हणाले.